गाडीवर धातूची अक्षरं चिकटवलीत का कोणी? आपापले किस्से टाका

धंतोलीकर
काल नागपुरात अजनी चौकात सिग्नलला उभा होतो. समोरच्या डिक्कीवर स्टीलच्या अक्षरांत 'माउली'. त्यातला 'उ' गायब, उरलं 'मा ली'. हसलो, अन् मग आपलंच आठवलं.

२०१२च्या दसऱ्याला सेकंडहँड वॅगनआर घेतली. पोरीचं नाव दिशा, तेव्हा पाच वर्षांची. बर्डीवरून सुटी अक्षरं आणली, मागे डबल टेप लावलेली. 'दि'ची वेलांटी वेगळा तुकडा. टेकडी गणपतीला पूजेची घाई, गाडी नुकतीच पॉलिश होऊन आलेली, त्याच चकचकीत पत्र्यावर दिली दाबून. पुढच्या मे महिन्यात वर्धा रोडवर कुठंतरी वेलांटी पडली. मला पत्ताच नाही. आठ दिवस मी मागे 'दशा' लिहिलेली गाडी घेऊन ऑफिसला जाऊन राहिलो होतो. शेवटी पेट्रोल पंपावरचा पोट्टा म्हणे, "काका, गाडीची का तुमची?"

तर्री_मारके
काऊन हसवता बे सकाळी सकाळी, पोहे नाकात गेले ना

गाडीवेडा४९
भाऊ, पॉलिशनंच घात केला. मेणाच्या थरावर टेप धरतच नाही. आधी शाम्पूनं धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या. मग मास्किंग टेपची सरळ पट्टी मारायची. ती अक्षरांच्या वर. इंग्रजी अक्षरं खालच्या ओळीवर उभी असतात म्हणून व्हिडिओत सगळे खाली पट्टी मारतात. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. खालून मापलं की 'कू' अन् 'कि' शेजारी लावताना डोकं फिरतं.

अन् शक्य असेल तर अख्खं नाव एका पत्र्यात कापून घ्या. सुट्या अक्षरांत शिरोरेषा तुटते, वेलांट्या-मात्रा आधी पडतात. त्यांना चिकटायला जागाच किती असते!

मेच्या दुपारी तापलेल्या बोनेटवर लावू नका, डिसेंबरच्या पहाटे थंडगार पत्र्यावरही नको. चांगल्या टेपलाही पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तीन दिवस प्रेशरनं धुणं बंद.

महालची_काकू
दिशा आता काय करते हो?

धंतोलीकर
काकू, बारावी झाली. तो किस्सा काढला की जेवणावरून उठून जाते.

इंदोराकर
आमच्याकडे दरवर्षी १३ एप्रिलची रात्र. बारा वाजता संविधान चौकात पोचायचं असते, अन् साडेदहाला बाबा पितळेचं 'जय भीम' हातात घेऊन बसलेले. मी टॉर्च धरायचो. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. टेपचा लाल कागद नखानं सोलताना बाबा श्वास रोखून धरत. एकदा लागलं की हलवता येत नाही ना. मग तळहातानं एकेक अक्षर दाबत अर्ध्या मिनिटापर्यंत मोजायचे, मोठ्यानं. माझा हात हलला की ओरडा खायचो. गाडी गेली, ती पितळेची पट्टी आता देव्हाऱ्याशेजारी बुद्धांच्या फोटोखाली आहे. चुकून देव्हारा लिहिलं, मूर्तीजवळचा कोनाडा म्हणा. आई वाचेल तर रागावेल.

तर्री_मारके
इंदोराकर, जय भीम भाऊ. मोठ्यानं मोजणं माझ्या बापाचंही होतं, सायकलच्या ट्यूबला पंक्चर चिकटवताना.

सदरची_सून
आमच्या यांनी टेप गेला म्हणून पाच रुपयांचं ते झटक्यात चिकटणारं लावलं. अक्षर तर पडलंच, भोवती पांढरा धुरकट डाग कायमचा. काळी गाडी आहे, बाप्पा. शेवटी त्या जागी लिंबू-मिरची लटकवायची म्हणतात. मी म्हटलं, लटकवा, पण बंपरला नका चिकटवू.

सेवानिवृत्त_३१
गाडीवर लावा, नंबर प्लेटवर मात्र कलाकारी नको. आमच्या काळी इंग्रजी आकड्यातलं 4141 असं वळवून लिहीत की 'दादा' वाचलं पाहिजे. मीही लिहिलं होतं. चौकातल्या पोलिसानं वाचलं, म्हणे "दादा, पावती घ्या". १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना तर हाय सिक्युरिटी प्लेटच येते. आमचं तारुण्य संपलं तिथंच.

ऊन_सावली
काढायची कशी हे कोणी सांगत नाही! बाबूजींची लाल गाडी विकताना हेअर ड्रायरनं टेप मऊ केला, दात साफ करायचा फ्लॉस मागून करवतीसारखा फिरवला. (मांजा सुचवणारे येतील, नायलॉनला बंदी आहे.) उरलेला गोंद बोटानं चोळून चोळून निघाला. पण नाव गेलंच नाही. अक्षरांखालचा रंग शोरूममधल्यासारखा लाल, बाकी पत्रा नागपूरच्या उन्हानं विटकरी. आजीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. घेणारा म्हणे, राहू द्या, माझ्याही मावशीचं हेच नाव आहे. दोन हजार कमी केले मात्र त्याच कारणावरून!

तर्री_मारके
पक्का इतवारीचा व्यापारी असेल

महालची_काकू
इतवारीला काही बोलायचं नाही, माहेर आहे माझं. धंतोलीकर, ती अजनी चौकातली 'मा ली' पांढरी होती का? मागे जाळीत छत्री?

धंतोलीकर
हो! तुम्हाला कसं माहीत?

महालची_काकू
आमच्या जावयाची आहे. 'उ' मागच्या महिन्यात धुताना बादलीत सापडला, डॅशबोर्डात पडून आहे. दिवाळीला पॉलिश करून लावतो म्हणून राहिला.

गाडीवेडा४९
काकू, आधी फोन करा त्याला. पॉलिश नको!!