‘धीर धरा, नाहीतर परत या’ म्हणणाऱ्या काकांना

रावपुऱ्याची ताई:
प्रतापगंजच्या काकांनी काल इथे, आपल्या बडोदेकरांच्या चर्चेत, अमेरिकेला गेलेल्या मुलांबद्दल लिहिलं, “ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेल्या पोरांचं रडगाणं आता पुरे. सरकारी काम तिथेही हळूच चालतं. धीर धरा, नाहीतर परत या.” रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

काका, ही रांग कारकुनाच्या आळसाची नाही, कायद्यातलीच आहे. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000. त्यात बायकामुलंही मोजली जातात. आणि एका देशात जन्मलेल्यांना 7 टक्क्यांहून जास्त नाहीत. ईबी-2 चा, म्हणजे उच्चशिक्षितांच्या गटाचा, हिशोब केला तर भारताच्या वाट्याला जेमतेम 2,800 येतात. इतर देशांची उरली तर वरची, आणि तो भरवसा नाही.

माझ्या भावाची रांगेत उभं राहिल्याची तारीख मार्च 2014 ची. ऑक्टोबर 2020 मध्ये ईबी-3 ची, म्हणजे खालच्या गटाची, फायलिंगची तारीख जानेवारी 2015 वर आली (त्याआधीच्या तारखेवाल्यांना अर्ज भरता येऊ लागला), तेव्हा वकिलाने त्याला ईबी-2 मधून खाली उतरवून 485, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, भरायला लावला. निदान ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, हातात आलं. 2022 मध्ये ईबी-2 पुढे सरकलं, जुलैत 1 डिसेंबर 2014 पर्यंत. त्याने फाइल परत ईबी-2 मध्ये नेली. आम्ही पेढे सांगायच्या तयारीत होतो, तेवढ्यात आरएफई आला, म्हणजे आणखी कागद मागणारं पत्र. जन्माचा दाखला पुरेसा नाही म्हणे.

दाखल्यावर भावाचं नावच नव्हतं. 1983 चा जन्म, नावाच्या रकान्यात नुसती रेघ. आईच्या जागी तिचं माहेरचं नाव, कारण बाळंतपण माहेरी झालं आणि नोंद आजोबांनी केली. पासपोर्टवर मात्र सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात आणि बाईचं पहिलं नावही बदलतं, हे त्या अधिकाऱ्याला कुणी समजावायचं? ऑगस्टच्या पावसात मी इथल्या जन्मनोंदणीच्या कचेरीच्या सहा खेपा घातल्या. पाच वेळा ऐकलं, रजिस्टर बांधणीला गेलंय. सहाव्यांदा एका शिपायाने ते माळ्यावरून काढून दिलं. पानाचा कोपरा कुरतडलेला, ओळ मात्र शाबूत. ‘बाबो’ (गुजरातीत मुलगा) आणि पुढे वडिलांचं नाव. त्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल, शाळा सोडल्याचा दाखला, आईच्या दोन नावांसाठी मामाचं आणि शेजारच्या आजींचं प्रतिज्ञापत्र, एवढं जमवून उत्तर गेलं सप्टेंबरच्या मध्यात. तोवर त्या वर्षाची (त्यांचं वर्ष सप्टेंबरअखेर संपतं) ईबी-2 ची कार्डं संपली होती. ऑक्टोबरात तारीख मागे, एप्रिल 2012 वर. डिसेंबरात आणखी मागे, ऑक्टोबर 2011.

उभं राहायला आमची ना नाही, काका. पुढे सरकून परत मागे जाणारी रांग तुम्ही कधी पाहिलीत का, एवढंच सांगा.

प्रतापगंज, निवृत्त:
ताई, तुमचे हाल वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या खेपा झाल्या त्या आपल्या कचेरीत. दोष अमेरिकेला का? मी 34 वर्षं शिकवलं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिकडे आहेत, माझा मुलगाही, आणि त्यालाही मी हेच सांगतो. नाममात्र फीवर इथे शिकलात. सयाजीराव महाराजांनी मुलं परदेशी पाठवली ती करार करून, परत येऊन संस्थानात नोकरी करायची म्हणून. ती जाण आज कुणाला आहे?

कारेलीबाग:
काका, तेवढा दाखला देऊ नका. त्याच करारावर बाबासाहेब परत आले होते. 1913 ची शिष्यवृत्ती, दहा वर्षं नोकरीची अट. सप्टेंबर 1917 मध्ये आले आणि या शहरात त्यांना कुणी खोली दिली नाही. पारशी सराईत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कमाटी बागेत झाडाखाली बसायची वेळ आली. आणि आपण जाण शिकवायची?

प्रतापगंज, निवृत्त:
महाराजांचा हेतू स्वच्छ होता, आडवा आला तो समाज. त्याचा ग्रीन कार्डाशी काय संबंध?

कारेलीबाग:
संबंध तुम्ही जोडलात, मी नाही. ‘परत या’ म्हणण्याआधी परत आलेल्याला आपण कसं वागवतो ते बघा. मी ह्यूस्टनला पाइपिंग डिझाइन करायचो. 2018 मध्ये स्वतःहून आलो. इथल्या पहिल्याच मुलाखतीत विचारलं, “काढून टाकलं का तिकडून?” नात्यातले लोक आजही आईला तेच विचारतात. दीड वर्ष घरी बसलो. शिव्या खाण्यापेक्षा रांग बरी, असं वाटलं मला तेव्हा.

प्रतापगंज, निवृत्त:
एका मुलाखतीवरून अख्ख्या शहराला नावं ठेवू नका! माझे कितीतरी विद्यार्थी परत आले आणि मकरपुऱ्यात कारखाने चालवतायत.

कारेलीबाग:
ज्यांच्या वडिलांचे शेड होते ते. माझे वडील क्लार्क होते.

मांजलपूर:
विषय कुठून कुठे नेलात दोघांनी. मी सासूबाईंच्या आजारपणासाठी इथे आले आहे, माझंही ऐका. 2009 मध्ये गेले, हातात फार्मसीची पदवी. एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, सहा वर्षं घरी बसले. 2015 च्या नियमाने एच-4 ईएडी आलं, तेव्हा कुठे स्वतःचं बँक खातं उघडलं. आता मुलगी 21 ची होतेय. चार वर्षांची असताना नेली, दिवाळीनंतर ती आमच्या फायलीतून बाहेर. वयातून काही दिवस वजा होतात, पण किती? आय-140, म्हणजे कंपनीने भरलेला ग्रीन कार्डाचा पहिला अर्ज, जितके दिवस पडून होता तितकेच. आम्ही हौसेने प्रीमियमने, म्हणजे लवकर निकालासाठी जादा फी देऊन, भरला, पंधरा दिवसांत मंजूर. घाई केली ती अंगाशी आली. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी हे वकिलाला आजच विचारा.

गोत्री रोड:
सगळ्यांचं दुःख खरं, पण 7 टक्क्यांची मर्यादा उठवा म्हणणं मला पटत नाही. उद्या उठवली तर पुढची कितीतरी वर्षं बहुतेक कार्डं भारत-चीनला. फिलिपीन्सच्या नर्सेसनी काय घोडं मारलंय? 2019 मध्ये अमेरिकेच्या खालच्या सभागृहात ही मर्यादा उठवणारं विधेयक 365 विरुद्ध 65 मतांनी पास झालं, डिसेंबर 2020 मध्ये सिनेटनेही आपला मसुदा पास केला, दोघांचा मेळ बसला नाही.  आणि रांग फुगवायला आपलेच लोक कमी नाहीत. माझ्या चुलतभावाला कन्सल्टन्सीने कागदावर ‘मॅनेजर’ करून ईबी-1 मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, घुसवायला बघितलं, हाताखाली एक माणूस नसताना. खरा मॅनेजर मग त्याच्या मागे तिष्ठत बसतो.

रावपुऱ्याची ताई:
नर्सेसचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, मन होत नाही तरी. म्हणूनच आधी एकूण आकडा वाढवा आणि घरच्यांना मोजू नका, असं माझं म्हणणं आहे.

काका, आळस नाही म्हटलं ते मात्र अर्धंच खरं. 2021 मध्ये फॅमिलीची, म्हणजे नात्यावर मिळणारी, न वापरलेली कार्डं नोकरीवाल्यांकडे आली आणि त्यातली सुमारे 66,000 वेळेत फायली न उरकल्यामुळे 30 सप्टेंबरला वाया गेली. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण तिथे ‘धीर धरा’ म्हणून भागत नाही. जुलै 2007 मध्ये सगळ्या तारखा खुल्या करून 2 तारखेला परत बंद केल्या, तेव्हा आपल्या पोरांनी तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखाला फुलांचे गुच्छ पाठवले. दोन आठवड्यांत निर्णय फिरला.

आणि महाराजांचंच काढलंत म्हणून सांगते. वाचनालयं उभी करायला त्यांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन माणसाला बडोद्यात बोलावलं. काम येतं का, एवढंच पाहिलं. जन्म कुठला, यावर त्याला थांबवून ठेवलं नाही.

प्रतापगंज, निवृत्त:
बोर्डन साहेबांचं मला माहीत आहे, ताई, मला शिकवू नका. माझं मत बदललेलं नाही. मात्र दुपारी कपाट उघडून मुलाचा दाखला काढला. 1986 चा. नावाचा रकाना रिकामा आहे. त्याची तारीख ऑगस्ट 2014. रजिस्टरची नक्कल कुठून काढलीत?

रावपुऱ्याची ताई:
मी येते सोबत, काका. मंगळवारी साडेदहाला निघू, सोमवारी गर्दी असते. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि काकूंचं माहेरचं नाव असलेला एखादा जुना कागद काढून ठेवा. लग्नपत्रिका असेल तर तीही.