गॅलपचं एल नवाहो हॉटेल का पाडलं? आता तिथे काय आहे?

रस्ता_६६:
आम्ही फिनिक्सहून अल्बुकर्कीला गाडीने चाललोय, वाटेत न्यू मेक्सिकोतल्या गॅलपला मुक्काम आहे. तिथल्या एल नवाहो या जुन्या रेल्वे हॉटेलचा एक फोटो बघितला आणि तो डोक्यातून जातच नाहीये, रुळांना अगदी लागून एवढी देखणी बिल्डिंग! का पाडली असेल? काही शिल्लक आहे का बघायला?

जुनेरूळ:
हॉटेल १९२३ मध्ये सुरू झालं आणि १९५७ मध्ये पाडलं, कारण शेजारून जाणारा रूट ६६ हा जुना हायवे रुंद करायचा होता. पण त्याच्या आधीच धंदा बसत चालला होता. मुळात एल नवाहोसारखी फ्रेड हार्वेची रेल्वे हॉटेलं कशासाठी होती ते बघा. सांता फे रेल्वेवर आधी जेवणाचे फार हाल असायचे, मग हार्वेने १८७६ मध्ये कॅन्ससमधल्या टोपीकाच्या स्टेशनवर खानावळ काढली आणि हळूहळू पूर्ण लाईनवर त्याची रेस्टॉरंट्स आणि हॉटेलं झाली. गाडी जेमतेम अर्धा तास थांबायची, त्यामुळे किती जण जेवणार ते आधीच तारेने कळवायचे. ऑर्डर घेणारी मुलगी कप ठेवायची त्याच्यातही खूण असायची, बशीत सरळ कप म्हणजे कॉफी, उलटा म्हणजे गरम चहा, उलटा करून बशीला टेकवला तर बर्फाचा चहा, आणि बशीबाहेर उलटा म्हणजे दूध. मागून येणारी न विचारता बरोबर ओतून जायची!! मग गाड्यांना डायनिंग कार आल्या, लोकांकडे मोटारी आल्या, आणि जेवायला किंवा मुक्कामाला स्टेशनवर उतरायची गरजच राहिली नाही.

वाळूरंग:
हार्वे कंपनीची आर्किटेक्ट मेरी कोल्टर, तिचं नाव कसं कोणी घेतलं नाही अजून? एल नवाहोचं डिझाईन तिचं. ग्रँड कॅन्यनचं हॉपी हाऊस आणि वॉचटॉवर पण तिचंच. बाकीची हार्वे हॉटेलं बऱ्यापैकी स्पॅनिश थाटाची, पण इथे तिने साध्या सपाट आधुनिक भिंती घेतल्या आणि आत नवाहो या तिथल्या मूळ आदिवासी लोकांची वाळूचित्रं रंगवून घेतली. ही चित्रं म्हणजे शोभेची वस्तू नाही हं, आजारी माणसासाठी विधी करताना जमिनीवर रंगीत वाळूने काढतात आणि विधी संपला की पुसून टाकतात. ती कायमची भिंतीवर लावणं काही नवाहो लोकांना पटलं नव्हतं आणि मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. हॉटेल उघडताना नवाहो वैदूंनी वास्तूला आशीर्वाद देण्याचा विधी केला होता. तरी माझ्या मते कोल्टरचं हे सगळ्यात धाडसी काम होतं, आणि ते पाडलं तेव्हा ती जिवंत होती याचंच फार वाईट वाटतं. १९५८ च्या जानेवारीत ती गेली.

रस्ता_६६:
बापरे, वाळूचित्रांचं माहितीच नव्हतं, थँक्यू. म्हणजे स्टेशनवर जाऊन उपयोग नाही का?

जुनेरूळ:
जा की, नक्की जा. हॉटेल गेलं तरी स्टेशनचा भाग आहे, तिथे आता गॅलप कल्चरल सेंटर आहे आणि अ‍ॅमट्रॅकची साऊथवेस्ट चीफ ही प्रवासी गाडी तिथेच थांबते. हायवेच्या बाजूला उभं राहिलं की रूळ आणि रस्ता यांच्यात किती कमी जागा आहे ते दिसतं, मग रुंदीकरणात हॉटेलच का गेलं ते लगेच कळतं. एक गोष्ट मात्र खटकते, ज्या रस्त्यासाठी पाडलं त्याच्यावरची लांबची वाहतूक पुढे आय-४० या नव्या हायवेवर गेली.

वाळूरंग:
आणि येताना अ‍ॅरिझोनातल्या विन्स्लोला थांबाच, तुमच्या वाटेवरच आहे. तिथलं ला पोसाडा हे हार्वे हॉटेल पण कोल्टरचंच, १९३० चं. ते १९५७ मध्येच बंद पडलं, पण पाडलं नाही, रेल्वेने ऑफिसं थाटली म्हणून वाचलं, आणि १९९७ नंतर दुरुस्त करून परत हॉटेल म्हणून चालू केलंय. राहायला जमलं तर रुळांच्या बाजूची रूम मागा, मालगाड्यांचा आवाज येतो पण चालतं. नाहीतर जेवून तरी निघा.