चित्रपुस्तकातील बहिरी मुलगी : न ऐकू येणारे संवाद कसे दाखवावेत?

प्रश्न (चित्रकार, महाल, नागपूर)

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी मी एक चित्रपुस्तक करीत आहे. त्याची नायिका जन्मतः बहिरी असून गोष्ट मारबतीच्या मिरवणुकीत घडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे मिरवत निघतात, ढोलताशांनी गल्ल्या दणाणतात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हा पुकारा थांबत नाही. अशा कानठळ्या बसवणाऱ्या गर्दीत ही मुलगी काय अनुभवते, एवढाच कथेचा गाभा आहे. इतरांच्या तोंडचे संवादाचे फुगे सर्वत्र रिकामे ठेवावेत, असे मनात आहे. प्रकाशकांचा आग्रह मात्र असा, की शेवटी तिला यंत्र बसावे आणि ऐकू यावे. तो शेवट मला पटत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (कर्णबधिर मुलांची शिक्षिका, धरमपेठ)

रिकामा फुगा ही ऐकणाऱ्या माणसाने केलेली बहिरेपणाची कल्पना आहे. मुलीला फुगे दिसत नाहीत. तिला हलणारे ओठ, उंचावलेल्या भुवया आणि कोण कोणाकडे पाहत आहे ते दिसते. ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात, कारण प, ब आणि म उच्चारताना ओठ एकाच पद्धतीने मिटतात आणि त्यांतला फरक घशात व नाकात होतो, जो डोळ्यांना कळत नाही. गर्दीत आत्या नेमकी कोणाला हाक मारते आहे, हे मुलगी आत्याच्या नजरेवरून ताडते, आणि तिचा अंदाज भलत्याच माणसावर जातो, यावर आपले एक जोडपान सहज उभे राहील. ढोलाचा ठोका तर तिला छातीत आणि तळपायांत जाणवेलच. मागून कोणी हाक मारून तिला बोलावते, असे मात्र कृपया काढू नका. खांद्यावर हात ठेवणारा किंवा समोर येऊन हात हलवणारा माणूस दाखवा.

उत्तर (बहिरा वाचक, सीताबर्डी)

ताई म्हणतात ते खरे आहे, पण ओठांवरच सगळा भार देऊ नये. मुलगी आणि तिचा भाऊ हातांनी बोलत असतील तर हात अचूक हवेत. इंटरनेटवर सर्रास मिळणारी एका हाताची वर्णमाला अमेरिकेतील आहे. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरे मुख्यतः दोन्ही हातांनी दाखवतात. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये शब्दकोश प्रसिद्ध केला असून त्यातील खुणा व्हिडिओवर पाहता येतात. चित्रात खूण गोठते, म्हणून हालचालीची दिशा बाणाने दाखवावी लागते, आणि चेहरा कोरा ठेवला तर प्रश्न आणि विधान यांतला फरकच नाहीसा होतो. एका हातात फुगा आणि दुसऱ्या हातात आईस्क्रीम घेतलेले मूल सविस्तर बोलते आहे, असे चित्र आमच्या मुलांना लगेच खोटे वाटते. अंधारात आम्हांला बोलताच येत नाही. वीज गेल्यावर आई स्वतःच्या हातांवर टॉर्च धरते, हे पान मला स्वतःला पाहायला आवडेल.

उत्तर (आई, मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र, मनीषनगर)

आमचे घर दोन्हींच्या मध्ये आहे, त्यामुळे थोडा मतभेद नोंदवते. यंत्राची मुले गोष्टीबाहेर राहू नयेत, पण प्रकाशकांना वाटतो तसा चमत्कारही घडत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू होते, आणि मग आवाजांना अर्थ लावण्याचा सराव वर्षानुवर्षे चालतो; झोपताना यंत्र काढले, की माझी मुलगी पूर्ण बहिरीच असते. ढोलाजवळ सगळे आवाज एकमेकांत मिसळतात आणि ती यंत्र काढून माझ्या हातात देते. तेव्हा तिची चिडचिड थांबते, आणि मग ती मिरवणूक खऱ्या अर्थाने पाहते. चित्र काढताना एवढे सांभाळा : यंत्राचा एक भाग कानामागे असतो आणि गोल चकती कानाच्या जरा वर, मागच्या बाजूला, केसांत लोहचुंबकाने चिकटलेली असते. बहुतेक चित्रकार हेडफोन काढून मोकळे होतात.

प्रश्नकर्ता

यंत्र काढून देणारी मुलगी मी गोष्टीच्या मध्यभागी घेतो. प्रकाशकांनाही हे पटवून देता येईल. नायिकेबरोबर तिची एक यंत्रवाली मैत्रीण असेल, आणि दोघी एकमेकींशी हातांनी बोलतील. खुणांची रेखाटने तयार झाल्यावर सीताबर्डीच्या वाचकांनी ती एकदा तपासून द्यावीत, ही विनंती.

उत्तर (बहिरा वाचक, सीताबर्डी)

जरूर पाठवा. शाई फिरवण्याआधी, पेन्सिलचीच पाठवा.