तोंडी नाव, हाती फोन: तुमचे अनुभव लिहा

काल रात्री कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला. आई उठून देवापाशी जाऊन बसली, मी फोनवर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत बसलो. दोघंही एकाच गोष्टीची वाट बघत होतो. म्हणून हा धागा काढतोय. बातमी, फोन आणि देव तिन्ही एकदमच घरात आले, असा तुमचा एखादा प्रसंग असेल तर लिहा. दोन ओळींचा असला तरी चालेल. सुरुवात मी करतो.

आम्ही सांगलीच्या गावभागातले. आमच्याकडे पूर फुटात मोजतात. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ च्या पाण्याची रेघ खालच्या खोलीच्या भिंतीवर होती. त्या रेघेच्या वर सामान ठेवलं की झालं, असा सगळ्या गल्लीचा हिशेब. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भरलं तरी आम्ही त्याच हिशेबानं गव्हाची पोती वर चढवत राहिलो. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. रेघ कुठल्या कुठे बुडाली.

वरच्या मजल्यावर आम्ही सहा जण. वीज नाही. चालू फोन एकच, २२ टक्के. पुण्याहून भाऊ बोटीसाठी कुणाकुणाला फोन करून आम्हाला कळवत होता. त्याच फोनवर अफवाही येत होत्या, 'कोयना फुटली' ही तर तासातासाला. प्रत्येक मेसेजला सगळे त्या फोनवर तुटून पडायचे. शेवटी आजीनं तो मागून घेतला नि बंद केला. म्हणाली, "अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं होतील, मग लावायचा. मधे नाही." एकवीस आवर्तनं म्हणजे सव्वा-दीड तास. पोत्यातले मूठभर गहू तिनं ताटलीत घेतले. एक आवर्तन झालं की एक दाणा वाटीत. अंधारात तो वाटीत पडल्याचा आवाज यायचा. एकवीस झाले की फोन लावायचा, भावाचा मेसेज वाचायचा, 'सगळे ठीक' एवढं पाठवायचं, पुन्हा बंद. रात्रभर असंच चाललं. सकाळी बोट आली तेव्हा फोनमध्ये ६ टक्के उरले होते.

आजी आता नाही. ती वाटी देव्हाऱ्यात आहे.

◆

सातारा तालुका. आई सांगते तसं मी लिहितेय, काही माझंही आहे.

आमचं गाव अपशिंगे मिलिटरीपासून जवळच. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जवान कामी आले. या पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी फौजेत असतोच. माझा धाकटा भाऊ जम्मूकडे होता. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाम झालं तेव्हापासूनच आईचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ७ मेला पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली आणि त्याचा फोन लागेना.

ते तीन-चार दिवस मी विसरणार नाही. टीव्हीवर बातमीच्या मागे सारखे सायरन. शेवटी सरकारला सांगावं लागलं, की कार्यक्रमांत सायरन वाजवू नका. पण तोवर आई दर भोंग्याला दारात येऊन उभी राहायची. नात्यातल्या ग्रुपवर एकानं रात्रीच्या हल्ल्याचा व्हिडिओ टाकला. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. माझ्या मुलानं बघितलं नि म्हणाला, "मम्मी, हा गेम आहे." खरंच मोबाइलवरचा गेम होता. आमच्या घरात त्यावर रात्रभर रडारड झालेली. पाठवणाऱ्यावर माझा राग अजून गेलेला नाही. ज्याचा पोरगा तिकडं आहे त्यानं असलं काही बघितलं तर काय होईल, एवढा विचार करायला किती वेळ लागतो?

आईनं टीव्हीची वायर काढून ठेवली. फोन चार्जरला लावून देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवला, वर खंडोबाचे टाक. समईत तेल घालायला उठली की एकदा स्क्रीनला बोट लावून बघायची. शस्त्रसंधीची बातमी १० मेला संध्याकाळी आली, भावाचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यानं पहिलं हेच विचारलं, "आई, जेवलीस का?"

"जेवले," म्हणाली. चार दिवस ती अळणी भाकरीच्या चतकोरावर होती.

◆

माझं माहेर कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव. संध्याकाळी ७ ला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत अख्ख्या गावात टीव्ही, मोबाइल बंद. २०२२ पासून चालू आहे. लॉकडाऊनच्या ऑनलाइन शाळेत पोरांच्या हातात आलेला फोन सुटत नव्हता, तिथून हे निघालं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हात सारखा फोनकडे जायचा. भाचीनं काही न बोलता तो उचलून पिठाच्या डब्यावर ठेवला आणि पाढे म्हणायला बसली. वहिनी नि मी चुलीपुढं बोलत बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं तिच्या आजारपणाचं सांगितलं.

◆

मिरज.

२०२० चा रमजान लॉकडाऊनमध्ये गेला. आमचे अब्बा उभ्या आयुष्यात तरावीहसाठी, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजासाठी, मशिदीत न जाता घरात थांबले नव्हते. पहिल्या रात्री अजान झाली, अब्बांनी टोपी घातली, चप्पल पायात घातली आणि दाराशीच उभे राहिले. गल्लीच्या तोंडाला बांबू लावलेले. मला ते बघवेना. मी म्हटलं, एका ठिकाणची तरावीह फोनवर लाइव्ह आहे, टीव्हीला जोडून देतो, मागे उभे राहा. अब्बा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "इमाम समोर पाहिजे बेटा, काचेत नाही."

मग त्यांनी माझ्या धाकट्या भावाला पुढे उभं केलं. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, जुम्म्यालाही हाक मारून उठवावं लागायचं. त्याला शेवटच्या दहा-बारा सूरा तेवढ्या पाठ. पहिल्या रकातीला त्याचा आवाज इतका कापत होता की मागे अम्मीला रडू आलं. अब्बा त्याच्या मागे हात बांधून शांत उभे. अब्बांनी ज्याच्या मागे नमाज पढली तो त्यांचा स्वतःचा मुलगा होता, आणि महिनाभर होता. मशिदी उघडल्यावर अब्बा परत गेले. भाऊही त्यांच्याबरोबर जायला लागला. फोनवर आम्ही तेव्हा फक्त इफ्तारची वेळ बघायचो.

◆

सातारा शहर. मी देव मानत नाही, पण इथे लिहावंसं वाटलं.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला. त्या कायद्याची आठवण मला गेल्या वर्षी घरातच झाली. बाबांच्या बायपासच्या वेळी आईच्या व्हॉट्सॲपवर एका 'गुरुजीं'चा मेसेज आला. मृत्युयोग आहे, शांती करावी लागेल, सोबत क्यूआर कोड. आईनं ११ हजार पाठवले, मग आणखी २१ हजार. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा मला सांगितलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार दिली. काही रक्कम परत मिळाली, सगळी नाही.

आईला मी एका शब्दानं बोललो नाही. ती ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून रामरक्षा म्हणत होती, त्यालाही माझी कधी हरकत नव्हती. वर पुरातल्या आजींचं वाचलं. त्या आजी आणि तो क्यूआर कोड एकाच पोत्यात घालणारे माझ्या बाजूचेही आहेत, त्यांना मला सांगायचंय की तसं करू नका. त्या आजींनी कुणाची भीती वाढवली नाही, कमी केली.

◆

गोंदवल्याला जाते वर्षातून एकदा. तेरा अक्षरी जप, पूर्वी माळेवर, आता बोटात घालायच्या काउंटरवर. सुनेनं ऑनलाइन मागवून दिलं. ती अमेरिकेत बाळंत होत होती त्या रात्री बटण दाबत राहिले. सकाळी आकडा बघितला तर १,१०४. मला वाटत होतं लाखभर झाला असेल.

◆

गावभाग पुन्हा. सगळ्यांचं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. साताऱ्याच्या ताईंचं तिनं दोनदा वाचायला लावलं. आत्ता आयर्विनला ३३ फूट, दुपारपासून थांबलंय. आई अजून देवापाशीच बसलीय. मी तिला उठवलं नाही.