माफीच्या भरवशावर हप्ता थांबवू नका

‘शेतकऱ्यांचं कर्ज माफ झालं, तसं पोरांचं शिक्षणाचं कर्जही माफ होईल’ असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. महाराष्ट्रातली २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची माफी शेतीकर्जाची होती, शैक्षणिक कर्ज त्यात नव्हतंच. अमेरिकेत तर २०२२ मध्ये बायडेन यांनी दहा हजार, काहींना वीस हजार डॉलरपर्यंत माफी जाहीर केली, लोकांनी अर्जही भरले, आणि जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती योजनाच रद्द केली.

आमच्याकडे अमळनेरला मावसभावाच्या पोरानं सभेतलं कर्जमाफीचं भाषण ऐकून इंजिनीअरिंगच्या कर्जाचे हप्ते थांबवले. सहकर्जदार म्हणून बापाची सही. पुढे भाऊ ट्रॅक्टरसाठी कर्ज काढायला गेला, तर बँकेतल्या साहेबानं कॉम्प्युटरचा स्क्रीनच त्याच्याकडे फिरवला: सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, घसरलेलं. कपाशी विकून आलेला पैसा आधी थकबाकीत गेला. (सभेचा मंडप कधीच निघाला होता.)

खरी मिळणारी गोष्ट वेगळीच आहे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कोर्स व कॉलेज निकषात बसत असेल, तर शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष, एवढ्यातलं व्याज केंद्र सरकार भरतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेत द्यावा लागतो. पोरानं तो काढलाच नव्हता.