मदत हवी आहे: संस्थेला मार्क देताना स्वतःचं मत लिहायचं की सगळ्यांचं ऐकून झालेलं?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे आणि लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचा शाळेचा ग्रुप आहे, ९६ ची दहावीची बॅच. दरवर्षी दिवाळीनंतर सगळे मिळून पैसे काढतो आणि एका संस्थेला देतो. पहिल्या वर्षी ४० हजार जमलेले, यंदा अडीच लाखाच्या वर गेलेत, म्हणून कोणीतरी (मीच, दुसरं कोण, नको तिथे हौस) शीट बनवली. तीन संस्था, ११ जणांनी १० पैकी मार्क द्यायचे, सरासरी काढायची, जिची जास्त तिला चेक. शीट सगळ्यांना उघडी. हीच चूक झाली बहुतेक.

त्यातली एक संस्था बीडकडची आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वसतिगृह चालवते, म्हणजे आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे गेले की पोरं शाळा सोडून फडावर जाऊ नयेत म्हणून. नाव मुद्दाम देत नाही. नोव्हेंबरात मी कामासाठी त्या बाजूला गेलेलो, तेव्हा न कळवता डोकावून आलो. हजेरीपटावर ६० मुलं, पंगतीत मोजली तर ३४. विचारलं तर म्हणाले बाकीची गावाला गेलीत. माणूस बोलायला गोड, चहा झाला, पेपरातल्या कात्रणांची फाइल झाली, पण कोठीचं रजिस्टर बघू का म्हटलं तर कपाटाची चावी नेमकी दुसऱ्याकडे. निघालो तेव्हा माझ्या मनात ५ मार्क होते. फार तर.

घरी येऊन शीट उघडली तर आमच्या डॉक्टरने ९ दिलेले, आणि खाली कमेंट की एका मोठ्या कंपनीचा सीएसआर फंड (कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढायचा पैसा) यांना मिळतो. म्हटलं बाबा एवढी कंपनी तपासून पैसे देते, डॉक्टर माणूस हुशार, आणि मी दोन तास बघून काय अक्कल पाजळणार, टाकले ७.

आता खरी गंमत. परवा एका मैत्रिणीला सहज विचारलं तू ८ कशावरून दिलेस गं, तर म्हणते, "अरे तू स्वतः जाऊन आलास आणि तरी ७ दिलेस म्हणजे ठीकच असणार, त्यात डॉक्टरचे ९, मग मी मधले टाकले." म्हणजे माझे ७ तिच्यासाठी डोळ्यांनी बघितल्याचा पुरावा, आणि ते ७ आले कुठून तर डॉक्टरच्या ९ मधून! डॉक्टरला फोन लावला. तो कधी गेलेलाच नाही, त्याचा मेहुणा त्या कंपनीत आहे, त्याने सांगितलं चांगली संस्था आहे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे पाचही तोंडं एका मेहुण्याचं ऐकून बोलतायत.

प्रश्न असा की शीटमध्ये काय लिहायचं असतं? माझं कोरं मत ५ आहे. पण उद्या फक्त माझेच पैसे असते तर मी डॉक्टरचं, कंपनीचं, सगळ्यांचं ऐकून बहुतेक ६-७ वरच आलो असतो, म्हणजे ७ पण काही खोटं नाही. दोन्ही माझीच मतं आहेत. तुमच्या मंडळात, सोसायटीत, ऑफिसात कसं करता?

बांधावरचा
आधी ते ३४ चं बघू. मी त्याच पट्ट्यातला आहे. नोव्हेंबरात टोळ्या एकदम निघत नाहीत, मुकादमाची गाडी येईल तशा निघतात, कारखाना कधी पेटतो त्यावर असतं. घरचे अजून गावात असले तर पोरं वसतिगृहात नाव लावून घरी झोपतात. त्यामुळे ६० ला ३४ हे चोरीचं लक्षण असेलच असं नाही. आणि पटावर खोटी नावं लावून अनुदान खाणारेही आमच्याकडे भरपूर बघितलेत, तेही सांगतो. जानेवारीत जा, तेव्हा आकडा खरा कळतो. चावीचं मात्र मलाही खटकलं.

ताळेबंद
सीए आहे म्हणून बोलतो. लोक ८०जी आहे, १२ए आहे, दर्पणचा नंबर आहे, म्हणजे सरकारी नोंदण्या आहेत, म्हणून संस्था चांगली म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की संस्था कागदावर जिवंत आहे. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी ऑडिट जातं, त्याची कॉपी मागा, सरळ देतात का बघा, आणि त्यात भोजनखर्च भागिले मुलं भागिले महिने एवढा एक भागाकार करा. हे मत नाही, आकडा आहे, कोणाचं ऐकून बदलत नाही.

मार्चएंड
सीएसआरमध्ये सहा वर्षं काढलीत, कंपनी सांगत नाही. कायद्याने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. जानेवारी उजाडली की पैसे उरलेले असतात, मग आधी कोणीतरी ज्यांना दिलेत त्यांनाच बोलावतात. आम्ही विचारायचो तुम्हाला अजून कोण देतं? ते दुसऱ्या कंपनीचं नाव सांगायचे, आमचं समाधान. ती दुसरी कंपनी काय विचारत असेल ओळखा. सगळे असे नसतात, काही कंपन्या खरंच माणूस पाठवतात. पण नुसत्या 'कंपनी देते' वर ५ चे ७ करू नका. मेहुण्याला विचारा, तुमच्यातलं कोण गेलं होतं?

अक्षता
मी थोडी उलट बाजू घेते. स्वतः जाऊन बघितलं म्हणजे कळलंच हाही भ्रम असतो. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचं घ्या, डॉक्टर बंग पतिपत्नींच्या. त्यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली, ४७ गावं तुलनेला ठेवली आणि वर्षानुवर्षं जन्ममृत्यू मोजले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तुम्ही तेव्हा तिथे दोन तास गेला असता तर काय दिसलं असतं? एक बाई बाळाला गुंडाळून वजन करतेय. मार्क दिले असते ५. तिथे मोजणाऱ्याचं ऐकण्यातच शहाणपण. पण पोरं जेवायला आहेत का, कोठीत धान्य आहे का, यासाठी लॅन्सेट कशाला हवं, डोळे पुरतात. मुलं पुढे शाळेत टिकतात का हे मात्र परत डोळ्यांनी दिसत नाही. म्हणजे एकाच संस्थेबद्दल काही बाबतीत स्वतःवर आणि काही बाबतीत दुसऱ्यावर विसंबावं लागतं, आणि तुमच्या शीटमध्ये सगळ्याला मिळून एकच रकाना आहे.

गणितमास्तर
शीटमध्ये ५ च लिहायचे. गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाची बैलाची गोष्ट ऐकली असेल, १९०६, इंग्लंडमधली जत्रा, ७८७ लोकांनी चिठ्ठीवर बैलाच्या मांसाचं वजन लिहिलं, मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८. जमलं कारण ज्याने त्याने आपापली चिठ्ठी लिहिली. तिथे मोठ्या फळ्यावर सगळ्यांचे आकडे दिसत असते तर पहिल्या खाटकाने म्हटलं तेच ७८७ वेळा लिहिलं गेलं असतं. सगळ्यांचं ऐकून बनलेलं मत पैसे द्यायच्या वेळी वापरा, आकडा भरताना नको. सरासरी काढणं हेच तर ऐकणं आहे, तुम्ही आधीच ऐकून आलात तर ते दोनदा मोजलं जातं.

खवचट
अडीच लाखासाठी गाल्टन काढलात. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या ४० लाखाचं कंत्राट 'अध्यक्षांच्या ओळखीचा आहे' वर दिलं.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार, खवचटरावांचे पण.

@गणितमास्तर पटलं, पण एक अडचण, माझे ५ आणि न गेलेल्या माणसाचे ५ सारखेच मोजले जाणार ना. म्हणून काल शीट पुसली, नवीन केली, तीन रकाने. एक, स्वतः काय पाहिलं किंवा वाचलं आणि त्यावरून मार्क, दुसऱ्याचं ऐकलेलं इथे नाही. दोन, कोणाकडून काय ऐकलं, आणि त्याला कोणी सांगितलं. तीन, सगळं धरून शेवटचे मार्क. आणि सगळ्यांनी मला पर्सनलवर पाठवायचं, मी एकदम उघडणार. मैत्रीण म्हणाली एवढं तर लोनच्या फॉर्मला पण विचारत नाहीत.

डॉक्टर थोडा चिडला, "म्हणजे माझ्या शब्दाला किंमत नाही का." त्याला म्हटलं अरे आहे, फक्त तुझा शब्द आणि मेहुण्याचा शब्द वेगळा लिही. मग अर्ध्या तासाने त्याचाच मेसेज, मेहुण्याला विचारलं, त्यांच्यातलं कोणी गेलेलं नाही, पीपीटी बघून दिलेत.

@बांधावरचा जानेवारीत परत जातोय, डॉक्टर पण येतो म्हणालाय, गाडी त्याची. @ताळेबंद ऑडिटची कॉपी मागितलीय, "पाठवतो" आलंय, कॉपी नाही आली अजून.

शीट आज सकाळी उघडली. ११ जणांत त्या वसतिगृहासाठी पहिला रकाना दोघांनी भरलाय. एक मी. दुसरीने लिहिलंय, 'वेबसाइट बघितली, फोटो छान आहेत, ४.'