शब्दचर्चा: परीक्षेतली 'सवलत' की 'सोय'?

प्रश्न: माझी एक विद्यार्थिनी स्वमग्न आहे, यंदा शास्त्रीय गायनाच्या 'प्रवेशिका पूर्ण' या परीक्षेला बसतेय. तिच्यासाठी परीक्षेची पद्धत थोडी बदलावी म्हणून परीक्षा केंद्राला अर्ज लिहायला घेतला आणि विषयाच्या ओळीतच अडले. 'सवलत' लिहू, 'सूट' की 'समायोजन'?

– 'सवलत' नको. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सोपेपणा, पण आपल्याकडे एसटीच्या भाड्यात सवलत आणि खेळाडूंना दहावीत सवलतीचे गुण. वाचणाऱ्याला वाटणार, गुण वाढवून मागताय. 'सूट' त्याहून वाईट, एखादा राग गाळायचाय असा अर्थ निघतो. गाळायचाय का?

– छे हो, राग सगळे तयार आहेत. गाता गाता मध्येच थांबवून 'बरं, आता झपताल दुगुनीत' (म्हणजे दहा मात्रांचा ताल दुप्पट वेगात) म्हटलं की ती गप्पच होते. तेच कागदावर लिहून दिलं तर हातावर ताल धरून, टाळी-खाली देऊन बिनचूक म्हणते. दुसरं म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी तबला सुरात लावत असेल तर हिचा सूरच सुटतो.

– मग 'सोय' म्हणा. लंडनच्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाच्या परीक्षेत न पाहिलेली स्वरलिपी वाजवण्याआधी अर्धा मिनिट मिळतो, स्वमग्न मुलांना तिथे जास्त वेळ मागता येतो. उत्तीर्ण व्हायला मात्र १५० पैकी १०० गुण सगळ्यांनाच लागतात. वाट बदलली, मोजमाप तेच. 'सवलत' म्हटलं की नेमकं हेच झाकलं जातं.

– (तिसरं मत) 'सोय' मला पटत नाही. पाहुण्यांची सोय करतात, तीही जमली तर! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, तेव्हा इथे मेहेरबानीचा सूर कशाला? 'मुभा'चंही तेच. 'समायोजन' निरुपद्रवी आहे, पण वाचून कुणालाही काय करायचं ते कळणार नाही. नाम सोडा, क्रियापदं लिहा: 'प्रश्न लेखी द्यावेत. एका वेळी एकच विचारावा. उत्तर येईपर्यंत थांबावं. शेजारच्या खोलीतली वाद्यं लावून झाल्यावर तिला आत बोलवावं.'

– हे आवडलं, तसंच लिहिते. पण छापील अर्जात 'विषय' असा रकाना आहे, तिथे नाम लागणारच.

– 'प्रात्यक्षिक परीक्षेतील आवश्यक व्यवस्थेबाबत'. रुक्ष आहे, पण कारकुनाला कळेल. आणि अर्जाची एक प्रत परीक्षकांच्या हातात पडेल असं बघा, नाहीतर तो कार्यालयातच राहतो.